बस स्टँडामागचा आघाडा

‘माजी विद्यार्थी’ हा शब्द आमच्या सरांना बिलकुल चालत नसे. कोणी तो उच्चारला की सर चष्मा काढून पुसायला घेत आणि म्हणत, "माजी आमदार असतो, माजी सरपंच असतो. विद्यार्थी कसा काय माजी होईल भैया? त्याने काय इस्तीफा दिला का?" मग चष्मा लावून आपल्या कामाला लागत. काम म्हणजे वाळलेली झाडं जाड कागदावर चिकटवणं.

सर उज्जैनच्या एका कॉलेजात आम्हाला वनस्पतिशास्त्र शिकवायचे. त्यांचे पूर्वज कधीकाळी दरबारात कारकुनी करायला म्हणून इकडे आले आणि इकडचेच झाले. सरांची मराठी त्यामुळे निम्मी हिंदीत बुडालेली असे, आणि आम्हा मराठी पोरांशी ते मुद्दाम तशीच बोलत. माधवनगरात त्यांच्या दोन खोल्या होत्या. एकीत सर आणि काकू राहत, दुसरीत झाडं. वाळवायचा माल फार झाला की तो काकूंच्या गादीखाली जायचा. काकू म्हणायच्या, "आमच्याकडे पाहुणा आला की बसायच्या आधी गादी उचलून बघतो."

शेवटच्या प्रॅक्टिकलच्या दिवशी इतर मास्तर उपदेश करत, सर लेबलं वाटत. छापील कागदाच्या छोट्या चौकोनी चिठ्ठ्या, प्रत्येकाला एकेक गड्डी. त्यावर पाच ओळी असत: नाम, स्थान, दिनांक, संग्राहक आणि शेवटी विशेष. जिथे जाल तिथून दर साल एक झाड पाठवायचं, एवढीच मागणी. पण तिच्या अटी भरपूर होत्या. झाड रानटी पाहिजे, बागेतलं किंवा कुंडीतलं चालणार नाही. तिथल्याच वर्तमानपत्रात घालून, वजनाखाली दाबून, नीट वाळवून पाठवायचं. "आणि जड़ पाहिजे," सर बोट वर करून सांगत. "मुळाशिवाय झाड म्हणजे बिना पत्त्याचा माणूस. चिठ्ठी नको, खुशाली नको, दिवाळीचं कार्ड तर बिलकुलच नको. मला पौधा पाहिजे, बस."

आता तुम्ही म्हणाल, कोण पाठवणार? मलाही तेच वाटायचं. पण यायची झाडं. बँकेत, रेल्वेत, शाळेत नोकऱ्या धरून पांगलेली माणसं, लग्न होऊन अमरावतीला आणि अकोल्याला गेलेल्या मुली, आखातात गेलेला एकजण, सगळे पाठवायचे. एका मुलीने सासूबाईंच्या वृंदावनातली तुळस पाठवली तर सरांनी ती परत पाठवली. सोबत कार्ड होतं, "ही पाळलेली आहे. सासूबाईंना नमस्कार."

या वाळलेल्या झाडांच्या संग्रहाला हर्बेरियम म्हणतात आणि तो जगभर झाडांच्या कुळांप्रमाणे लावतात. सरांनी तो कॉलेजातल्या कपाटात पोरांच्या नावांप्रमाणे लावला होता. एका विद्यार्थ्याची एक फाइल, तिच्यात त्याने पाठवलेली सगळी शीटं. बाहेरगावाहून आलेले एक परीक्षक कपाट बघून मोठ्याने हसले होते. सर शांतपणे म्हणाले, "साहब, पौधों के तो कुल बदल जाते हैं. नई खोज आई, बदल गए. ये लड़के नहीं बदलते, ये उज्जैन के ही रहते हैं." परीक्षकांनी पुढचं कपाट बघायला मागितलं.

मी दोन वर्षं त्या कपाटाजवळ काम केलं. पार्सल आलं की झाड अलगद काढायचं, ज्या वर्तमानपत्रातून आलं तो कागद उलगडून, हाताने इस्त्री करून सरांपुढे ठेवायचा. कारण सर ते पेपर वाचायचे. पंधरा दिवसांचे, महिन्याचे शिळे पेपर, अगदी जाहिराती आणि शोकसंदेशांसकट. अकोल्यात पाणी दिवसाआड येतंय, भुसावळला नवीन पूल झाला, हे सरांना ठाऊक असायचं. "ज्या गावात आपलं पोर राहतं त्या गावचं पाणी माहीत नको का?" असं त्यांचं म्हणणं.

पण सर सगळ्यात हळू वाचायचे ती लेबलाची शेवटची ओळ. ‘विशेष’ म्हणजे खरं तर फुलाचा रंग, झाडाची उंची, जमीन कशी आहे, एवढंच लिहायचं असतं. पोरं तेही लिहायची आणि मग पेन थांबत नसावं. "फूल पिवळे. बांधावर. बदली मंजूर झाली." "रेल्वे क्वार्टरमागे. फळे काटेरी. मुलगी झाली." "पाने केसाळ. बँकेची परीक्षा तिसऱ्यांदा नापास." सर उत्तरात यातल्या कशाचाही उल्लेख करत नसत. त्यांचं कार्ड एका ओळीचं असे आणि झाडाबद्दलच असे. परीक्षेत नापास झालेल्याला त्यांनी लिहिलं, "पोचलं. घाईत दाबलं आहेस. पुढच्या वेळी सावकाश कर." एकाने फक्त "आई गेली" लिहिलं होतं आणि झाडाला बुरशी आली होती. असं झाड सर एरवी कचऱ्यात टाकत. त्या दिवशी त्यांनी ते कितीतरी वेळ समोर ठेवलं आणि कार्ड लिहिलं, "पोचलं. ओलं राहिलं आहे. राहू दे." ते कार्ड पेटीत टाकायला मी गेलो होतो.

सरांचा राग मी एकदाच पाहिला. मी एका शीटवर झाडाचं नाव चुकीचं लिहिलं, लक्षात आल्यावर गुपचूप लेबल फाडून नवीन चिकटवलं. सरांनी कागदावरचा गोंदाचा डाग पाहिला. मला टोपलीतले तुकडे गोळा करायला लावले, ते जोडून परत चिकटवायला लावले. "इकडे बघ," ते म्हणाले. "आपल्या धंद्यात लेबल फाडत नाहीत. गलत असेल तर असू दे. त्याच्या बाजूला छोटी चिठ्ठी लावायची, बरोबर काय ते लिहायचं, खाली सही. ज्याने चूक केली तोही माणूसच होता, त्याला कशाला मिटवतोस?" मी मान हलवली. तेव्हा हे सगळं झाडांबद्दलच चाललं आहे असं मला वाटत होतं.

एम. एस्सी. झालो आणि डेहराडूनच्या एका संस्थेत मला आणि दिनेशला, माझ्या वर्गमित्राला, पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला. आमच्या कॉलेजातून तिकडे जाणारे आम्ही पहिलेच. सर स्टेशनवर आले. असं ते कोणासाठी येत नसत. आपली स्वतःची, झाडं दाबायची लाकडी फळ्यांची जोडी त्यांनी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "पहाड़ का पौधा नाही माझ्याकडे एकही. तू पाठव."

मी तिथे तीन महिने टिकलो. सगळं इंग्रजीत, आणि वर्गात प्रश्न विचारला की माझी जीभ टाळूला चिकटायची. पोरं हसायची नाहीत, उलट समजुतीने बघायची, आणि त्यानेच मी खचलो. एका चाचणीचा पेपर कोरा दिला. दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो तो परत गेलोच नाही. आईने माझ्या आवडीची भरली वांगी केली. मला मात्र एकच काळजी खात होती, सरांना तोंड कसं दाखवू. महिनाभर विचार करून मी ठरवलं की दाखवायचंच नाही. मी डेहराडूनलाच आहे, असं सरांच्या हिशेबी राहू दे.

मग त्यासाठी पुरावा हवा होता. आमचं घर नानाखेड्यात. तिथल्या बस स्टँडामागे मोकळी जागा आहे, आणि त्या दिवसांत तिथे आघाडा कमरेइतका माजलेला असतो. चालताना ज्याची कुसळं कपड्यांना चिकटतात तोच, गणपतीच्या पत्रीतला आघाडा. तो डेहराडूनलाही उगवतो, हे मी तिथे पाहिलं होतं. एक झाड मुळासकट उपटलं. दहा दिवस सरांच्याच फळ्यांत दाबून वाळवलं. लेबलावर लिहिलं, स्थान: डेहराडून. विशेष: अभ्यास उत्तम चालू आहे. सुट्टी वाढवून राहिलेला दिनेश परत निघाला तेव्हा पार्सल त्याच्याकडे दिलं.

"इसे वहाँ से पोस्ट कर देना," मी म्हणालो.

"यार, सर को सच बोल दे ना," दिनेश म्हणाला. "खा थोड़े ही जाएँगे."

"तू पोस्ट कर बस."

त्याने केलं. आणि त्यानंतर चार दिवसांनी आई घरभर काहीतरी शोधत होती. "अरे, मागच्या मंगळवारच्या पेपरातलं ते पान कुठे आहे? माधवनगरच्या दुकानाचा साड्यांचा सेल होता त्यात." ते पान डेहराडूनहून उज्जैनला निघालं होतं, आघाड्याच्या अंगावर पांघरूण होऊन. दोन वर्षं ज्याने पेपर उलगडून सरांपुढे ठेवले होते, त्यानेच हा घोटाळा केला होता.

महिन्याने दिनेशच्या पत्त्यावर सरांचं कार्ड आलं. त्याने ते पाकिटात घालून मला पाठवलं. "पोचलं. मूळ छान आलं आहे. शाबास." बाकी काही नाही. सरांचे डोळे आता अधू झाले, त्यांनी पेपर पाहिलाच नसेल, असं मी स्वतःला समजावलं. सुटलो, असं म्हटलं. पण ते ‘शाबास’ कितीतरी दिवस झोपताना आठवायचं आणि लाज वाटायची. नंतर मी कधी काही पाठवलं नाही.

स्टँडासमोर एका ट्रॅव्हल्सच्या बुकिंगच्या खिडकीत मला नोकरी लागली. आणि उज्जैनसारख्या गावात एका माणसाला चुकवून राहायचं हा माझा दुसरा उद्योग सुरू झाला. सर कुठे कधी जातात हे मला तोंडपाठ होतं. कॉलेजच्या वेळात त्या रस्त्याला जायचं नाही. माधवनगर तर नकाशातून पुसूनच टाकलं. संध्याकाळी सर नदीवर, रामघाटाला फिरायचे, पायऱ्यांच्या फटींत काय उगवलंय ते बघत. म्हणून मी रामघाटही सोडला. आई म्हणायची, "एकदा संध्याकाळच्या आरतीला ने रे." मी आज गर्दी आहे, उद्या ड्यूटी आहे, असं करत राहिलो. आई शेजारणींबरोबर जायची. तिला मी नेलं नाही, हे आजही मला टोचतं. रामघाटावर शेवटी मी गेलो तो तिच्या दहाव्याला.

असा मी लपून होतो अकरा वर्षं.

मध्यंतरी सर निवृत्त झाले. दिनेश वनखात्यात लागला आणि फिरून उज्जैनलाच बदलून आला. गेल्या हिवाळ्यात तो खिडकीवर येऊन उभा राहिला. "कॉलेज में एलुमनाई मीट है. सर की अलमारी सबके लिए खोल रहे हैं. चल."

"सर असतील?"

"सर की अलमारी है तो सर नहीं होंगे क्या?"

मी नाही म्हणालो. तो गेला नाही. मागे लोकांची रांग लागली, इंदौरचं तिकीट मागणारा एकजण ओरडायला लागला, तरी दिनेश खिडकीच्या गजाला धरून उभा. शेवटी मी येतो म्हणालो, रांग हलावी म्हणून.

मंडप होता, गळ्यात अडकवायच्या पट्ट्या होत्या, मोबाइलवरच्या ग्रुपला जोडून घ्यायला दारावर चौकोनी ठिपक्यांचं चित्र चिकटवलं होतं. नवे प्राचार्य आपुलकीने बोलले, कॉलेजशी नातं ठेवा, येत राहा, वगैरे. मग त्यांनी सरांना दोन शब्द बोलायला सांगितलं. मी शेवटच्या रांगेत एका रुंद माणसामागे बसलो होतो. सर काठी टेकत उठले. खूपच बारीक झाले होते. बॅनरकडे बघून म्हणाले, "यावर भूतपूर्व छात्र लिखा है. गलत है. पर फाड़ना मत." लोक हसले. "बाकी मुझे बोलना नहीं आता. अलमारी खुली है. अपना-अपना देख लो." आणि खाली बसले.

लोक कपाटाकडे धावले. पोट सुटलेले, केस पिकलेले लोक आपापली फाइल उघडून एकमेकांना दाखवत होते. "ये देख, मैंने लिखा है, नौकरी लगी!" एक बाई आपल्या मुलीला सांगत होती, "तुझ्या जन्माची खबर आजीच्या आधी या कपाटाला गेली." मी बाजूला उभा होतो. माझी फाइल मला बघायची नव्हती. तिच्यात एकच शीट असणार आणि ते खोटं असणार. दिनेशनेच ती काढली आणि माझ्या हातात ठेवली. फाइल जड लागली.

वर माझा आघाडा होता. माझं लेबल जसंच्या तसं: स्थान, डेहराडून. त्याच्या बाजूला सरांच्या अक्षरात छोटी चिठ्ठी, त्याच वर्षीची. "स्थान: नानाखेडा, उज्जैन. कागदावरून. संग्राहक गावातच आहे. कोणी विचारू नये." खाली सही.

त्याखाली आणखी एक शीट होतं. पुन्हा आघाडा. मग आणखी एक. माझं धरून एकूण अकरा, दर वर्षाचं एक, सगळे बस स्टँडामागचे, सगळे मुळासकट. खालच्या दहांवरही संग्राहक म्हणून माझं नाव, पण अक्षर सरांचं. मी शेवटच्या ओळी वाचायला लागलो.

"फुले आली आहेत. संग्राहक खिडकीत. बारीक झाला आहे."

"संग्राहक गिऱ्हाइकाशी भांडत होता. चूक गिऱ्हाइकाची."

"पाऊस कमी, झाड खुजे. संग्राहकाला चष्मा लागला. शोभतो."

"खिडकी बंद. शेजारच्या चहावाल्याला विचारले. संग्राहकाचे लग्न आहे."

"खिडकीला पंखा बसवला. बरे झाले."

आणि मग आई गेली त्या वर्षीचं. त्या शीटवरच्या झाडाला काळे डाग पडले होते. "संग्राहकाचे डोके भादरलेले. विचारता आले नाही. झाड ओले राहिले. राहू दे."

मला पुढचं दिसेना. दर वर्षी दिवाळीनंतर हा म्हातारा माधवनगरातून नानाखेड्याला येत होता, खुरपं घेऊन स्टँडामागे वाकत होता, आणि जाताना समोरच्या फुटपाथवरून मला बघून जात होता. आणि मी त्याला चुकवण्यासाठी रस्ते बदलत होतो.

सर खुर्चीतच बसले होते. मी समोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या फाइलीकडे.

"डेहराडूनच्या पेपरात," ते म्हणाले, "माधवनगरच्या साड्यांचा सेल कधीपासून यायला लागला रे?"

"सर, एकदा हाक तरी मारायची," मी म्हणालो.

"मारली असती तर तू नौकरी सोडून इंदौरला पळाला असतास. मग मला आघाड्यासाठी दर साल इंदौर गाठावं लागलं असतं. हे घुटने आता तेवढं करतात का?"

मी त्यांच्या पायांशीच बसलो. रडलो, हे सांगायला मला आता संकोच वाटत नाही. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही, सरांना ते जमत नसे. आपला चष्मा काढून पुसत बसले. मग मला सुचलं ते मी बोललो.

"सर, खालची ही दहा लेबलं खोटी आहेत. संग्राहक मी नव्हतो. तुम्ही होतात."

सरांनी चष्मा लावला. त्यातलं पहिलं शीट उचलून डोळ्यांजवळ नेलं, जणू कोणा दुसऱ्याचं काम तपासतायत. "बात तो सही है," ते म्हणाले. "दुरुस्त कर मग. फाडू नकोस."

दिनेशने टेबलावरून गोंद आणून दिला. मंडपात जेवणाच्या पंगती बसल्या, गाणी लागली, प्राचार्य दोनदा बोलवून गेले. मी कपाटाशेजारी जमिनीवर बसून दहा चिठ्ठ्या लिहिल्या. प्रत्येकीवर लिहिलं, संग्राहक: माझे सर. खाली माझी सही केली. सर एकेक चिठ्ठी सरळ लागली की नाही ते बघत होते, आणि दोन त्यांनी परत लावायला लावल्या.

निघताना त्यांनी खिशातून कोरी लेबलं काढून माझ्या हातात दिली. "इस साल का बाकी है तुझा," म्हणाले.

चार दिवसांनी, सकाळी खिडकी उघडायच्या आधी, मी स्टँडामागे खुरपं घेऊन गेलो. झाड काढून उभा राहिलो तर फुटपाथवर काठी टेकून सर उभे होते, मी मूळ तोडलं की नाही ते बघायला आले होते. ते झाड आता बारावं शीट होऊन फाइलीत सगळ्यांत खाली आहे. त्याला दुरुस्तीची चिठ्ठी लागली नाही. शेवटच्या ओळीत मी लिहिलं आहे, "फुले आली आहेत. सर खिडकीवर आले. चहा घेऊन गेले."